जैसे थे काका आणि शेचाळिसावं पान

ऑफिसात त्यांना सगळे ‘जैसे थे काका’ म्हणायचे. मागे म्हणायचे आणि तोंडावरही. काकांना त्याचं काही वाटत नसे. एकदा टेलिफोनवर त्यांनी स्वतःच तशी ओळख करून दिलेली मी ऐकली आहे.

शाळेच्या पुस्तकांची मांडणी त्यांच्याकडे होती. लेखक मजकूर देतो, आम्ही संपादक तो तपासतो, चित्रकार चित्रं काढतो. हे सगळं पानात कसं बसवायचं ते काका ठरवायचे. नव्या आवृत्तीची बैठक बसली की प्रत्येकाच्या अंगात यायचं. हा धडा पुढे घ्या, ती चौकट काढा, अक्षर बदला. काका ऐकून घ्यायचे, चष्मा पुसायचे आणि शेवटी बोलायचे.

“तेवढं करू. बाकी जैसे थे.”

मी साहित्यात एम. ए. करून तिथे लागले. प्रकाशन म्हणजे कादंबऱ्या, कवी आणि चर्चा, अशी माझी समजूत. मला पहिलं काम मिळालं ते सहावीच्या विज्ञानाचं. टेबल मिळालं ते काकांच्या समोरचं.

“साहित्यवाली का तू?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग तुला त्रास होईल. बस.”

धंदा मला त्यांनीच समजावला, जेवायच्या सुट्टीत, थोडा थोडा. वरच्या मजल्यावर कॉलेजची पुस्तकं आणि संशोधनाचं एक नियतकालिक निघायचं. तिथे प्राध्यापक लेख लिहीत. दुसरे प्राध्यापक ते तपासत आणि परत पाठवत. पहिले रुसत, मग दुरुस्त करून देत. शेवटी तो अंक ग्रंथालयात जाऊन बसे.

“वर जे छापतात ते लिहिणाराच वाचतो,” काका म्हणाले. “आपण जे छापतो ते लिहिणारा सोडून सगळे वाचतात. त्यामुळे चूक झाली तर वरच्यांची लपते. आपली लाखभर पोरांच्या वहीत उतरते.”

खालचा मजला आमचा. आमचं वर्ष शाळेच्या वर्षाच्या उलटं चालायचं. शाळा सुरू असताना आमचे प्रतिनिधी पिशव्यांत नमुना प्रती भरून शाळाशाळांतून फिरायचे. कुठलं पुस्तक लावायचं ते प्रत्येक शाळा ठरवायची. शाळेला सुट्टी लागली की आमच्याकडे धांदल. सगळी विक्री शाळा उघडण्याच्या आगेमागे. त्यानंतर गोदाम रिकामं आणि आम्ही पुढच्या आवृत्तीच्या मागे.

काकांची कामाची एक पद्धत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती आणि त्यांना ती कुणी सांगितलेली नव्हती. नव्या आवृत्तीतलं प्रत्येक पान जुन्या आवृत्तीतल्या पानाच्याच जागी सुरू झालं पाहिजे आणि तिथेच संपलं पाहिजे. जुन्या पुस्तकात सत्तेचाळिसाव्या पानावर ग्रहण असेल तर नव्यातही ग्रहण सत्तेचाळिसावरच. मधे एक वाक्य वाढलं तर त्याच पानातलं दुसरं वाक्य घटवायचं. चित्र वाढलं तर मजकूर घटवायचा. पुढच्या पानाला धक्का लावायचा नाही.

मी सुरुवातीला फार वाक्यं सुधारायची. काका माझा कागद उचलून खिडकीकडे धरायचे.

“वाक्य सुंदर आहे.”

“मग?”

“दोन ओळी जास्त आहे. सुंदर आणि आखूड जमतं का बघ.”

आखूड लिहायला मी तिथे शिकले. विद्यापीठात हे कुणी शिकवलं नव्हतं.

हे सगळं कशासाठी, ते मी बऱ्याच दिवसांनी विचारलं. काकांनी डब्याचं झाकण लावलं आणि सांगितलं.

ते इथे नवीन होते तेव्हा त्यांच्या हातून पाचवीच्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती निघाली. दुसऱ्या धड्यात एक परिच्छेद वाढला होता. त्यांनी तो घातला आणि पुढची सगळी पानं सरकू दिली. त्यात काही गैर आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही. त्या वर्षी त्यांची धाकटी पाचवीत गेली. तिच्याकडे थोरलीचं पुस्तक. पहिल्याच आठवड्यात धाकटी घरी येऊन म्हणाली, सर पान अमुक उघडा म्हणतात आणि माझ्या पानावर भलतंच असतं. सगळे वाचायला लागतात तेव्हा मी पानंच उलटत असते.

“बापानं केलेलं पुस्तक,” काका म्हणाले, “आणि बापाच्याच पोरीला बसला फटका. मी दुसऱ्या दिवशी नवी प्रत आणून दिली. मला काय, ऑफिसातून मिळते. पोरगी खूश व्हावी ना? तर मला विचारते, बाबा, माझं झालं, माझ्या शेजारणीचं काय?”

“मग?”

“मग काय. तेव्हापासून जैसे थे.”

समोरच्या कपाटात त्यांनी केलेली पुस्तकं ओळीनं उभी होती. सगळ्या आवृत्त्या. कुठल्याही दोन काढा आणि एकाच आकड्याचं पान उघडा, तेच निघेल. कुठेही काकांचं नाव नव्हतं. मांडणी करणाऱ्याचं नाव छापायची पद्धत नाही.

मग नवे साहेब आले. तरुण होते, हुशार होते, उगाच आवाज चढवत नसत. पहिल्या बैठकीत त्यांनी विचारलं, “आपला स्पर्धक कोण?”

प्रतिनिधींनी दोन-तीन प्रकाशनांची नावं घेतली.

“नाही,” साहेब म्हणाले. “आपला स्पर्धक म्हणजे ताईचं पुस्तक. घरातलं जुनं पुस्तक. ते चालतं तोवर नवं कोण घेईल?” त्यांनी सहावीच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या. “हे बघा. पान न् पान सारखं. असं कुणी करतं का?”

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काका चष्मा पुसत होते.

“सुधारित आवृत्ती सुधारलेली दिसली पाहिजे. पानं हलवा. मथळे बदला, त्यांत जरा जान आणा.” मग माझ्याकडे वळून, “तुम्ही साहित्याच्या ना? मथळे तुमच्याकडे.”

“अहो साहेब,” काका म्हणाले, “पानं हलली की जुनं पुस्तक घेऊन बसलेलं पोर वर्गात बाहेरचं होतं.”

“मग त्याच्या घरचे नवं घेतील.”

“सगळेच नाही घेत.”

“काका, आपण पुस्तकं विकतो.”

ते खरंच होतं. आम्ही पुस्तकंच विकत होतो आणि त्यावरच आमची घरं चालत होती.

ती आवृत्ती काकांची शेवटची. ती छापायला गेली की ते निवृत्त होणार होते. आयुष्यभर जे होऊ दिलं नाही ते जाताजाता स्वतःच्या हातानं करायचं, असं त्यांच्यापुढे येऊन पडलं. नाही म्हणावं तर साहेब दुसऱ्याकडून करून घेणार.

“तू करशील?” त्यांनी मला विचारलं.

“मी नाही करणार.”

“करशील. नोकरी आहे.”

मथळे मी आधीच बदलायला घेतले होते. ‘चंद्र रोज वेगळा का दिसतो?’ हा सहावीतला मथळा खोडून मी ‘आकाशातला लपंडाव’ असं केलं होतं. मला ते आवडलंही होतं.

साहेबांनी एक सवलत दिली. एखाद्या शाळेत जा, शिक्षकांशी बोला, पुस्तक वर्गात कसं वापरतात ते बघून या. जुनी पानं ठेवण्यात खरंच काही अर्थ असेल तर मला पटवा. काकांना इतकं पुरे होतं. इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण स्वतः केलेलं पुस्तक वर्गात शिकवताना त्यांनी कधी बघितलं नव्हतं. मीही नव्हतं. आमच्यात कुणीच नव्हतं. शाळेत जायचे ते प्रतिनिधी, आणि तेही मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंतच.

आमच्या प्रतिनिधीनं ओळखीची एक शाळा काढून दिली. आम्ही सकाळी गेलो. विज्ञानाच्या बाई साधारण काकूंच्या वयाच्या, म्हणजे काकांच्या बायकोच्या वयाच्या. त्यांनी आम्हाला मागच्या बाकावर बसवलं. बाक लहान होता. काकांचे गुडघे फळीला लागत होते.

“मध्ये बोलायचं नाही हं,” बाई आम्हाला म्हणाल्या. मुलं हसली.

वर्गात पुस्तकं नाना तऱ्हेची होती. काही कोरी, काही कव्हर घातलेली, काहींना कव्हरच नाही. आमच्या पुढच्या मुलीचं पुस्तक मागच्या आवृत्तीचं होतं. काकांनी मला कोपरानं ढोसलं आणि ते दाखवलं. आता बघ, असा त्यांचा चेहरा होता. आता बाई पानाचा आकडा सांगणार आणि नवी जुनी सगळी पुस्तकं एकाच जागी उघडणार. आयुष्यभराचं काम त्यांना पहिल्यांदा डोळ्यांनी दिसणार होतं.

बाई म्हणाल्या, “‘चंद्र रोज वेगळा का दिसतो?’ हे काढा.”

पानं सळसळली. मुलांनी मथळा शोधला. थोडं इकडेतिकडे झालं, मग वर्ग शांत झाला. आकडा कुणी उच्चारलाच नाही.

काका समोर बघत राहिले.

बाईंनी विचारलं, “सांगा, चंद्र कमी कमी का होत जातो?”

बरेच हात वर झाले. एका मुलानं सांगितलं, “पृथ्वीची सावली पडते म्हणून.” दुसऱ्यानंही तेच सांगितलं. आमच्या पुढची मुलगी म्हणाली, “सावली हळूहळू सरकते, बाई.”

मलाही तेच माहीत होतं. मी सहावीत हेच पुस्तक वाचलं होतं.

“दरवर्षी हेच,” बाई म्हणाल्या, पण चिडून नाही. त्यांनी खिडक्या लावायला लावल्या, एक उघडी ठेवली. पेन्सिलीच्या टोकाला खोचलेला एक पांढरा चेंडू त्या मुलीच्या हातात दिला आणि तिला वर्गाच्या मधोमध उभं केलं. हात लांब करून तिला जागच्या जागी हळूहळू फिरायला सांगितलं. खिडकी म्हणजे सूर्य, चेंडू म्हणजे चंद्र, ती स्वतः पृथ्वी.

“चेंडूचा किती भाग उजळलाय?”

“अर्धा.”

“आता?”

“अर्धाच. पण मला थोडासाच दिसतोय.”

“तुझी सावली पडलीय त्यावर?”

मुलगी चेंडूकडे बघत राहिली. “नाही.”

ती फिरत गेली. खिडकीकडे पाठ झाली तेव्हा चेंडू तिच्या डोक्याच्या सावलीत आला आणि काळा पडला. “आता पडली, बाई.”

“ते ग्रहण. हात उंच धर, सावलीतून बाहेर काढ. आता?”

“पूर्ण दिसतोय.” मग ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “म्हणजे चंद्र असतो तेवढाच असतो.”

मी काकांकडे वळून हळूच विचारलं, “तुम्हाला काय वाटायचं?”

“सावली,” काका म्हणाले.

वर्ग सुटल्यावर बाईंनी आम्हाला पुस्तकातलं शेचाळिसावं पान उघडून दाखवलं. बोट चित्राखाली ठेवलं. चित्र चांगलं मोठं होतं, चंद्राच्या सगळ्या कला. त्याखाली एक वाक्य. आणि लगेच समोरच्या पानावर ग्रहण, पृथ्वीची सावली आणि तिचं चित्र.

“इथे काहीतरी राहिलंय,” बाई म्हणाल्या. “कला संपल्या की लगेच सावली येते. पोरं दोन्हींची गाठ मारतात. त्यांची काय चूक? पूर्वीच्या पुस्तकात इथे चार ओळी होत्या असं मला आठवतं. कुणी काढल्या कोण जाणे.”

काका म्हणाले, “मी काढल्या.”

बाईंनी पुस्तकावरचं बोट उचललं.

“लेखकांना चित्र मोठं हवं होतं. पान तेवढंच. ग्रहण सत्तेचाळीसवर ठेवायचं होतं.” काका सावकाश बोलत होते. “मी लेखकांना दाखवलं होतं. ते म्हणाले, चित्रावरून कळेल.”

“चित्रावरून नाही कळत,” बाई म्हणाल्या. “फिरावं लागतं.”

मग काकांनी तो प्रश्न विचारला. मला वाटतं, सकाळपासून तोच त्यांच्या मनात होता. “बाई, तुम्ही पानाचा आकडा नाही सांगत?”

“आकडा? नाही बाबा. सुरुवातीला सांगायचे, नोकरीला लागले तेव्हा. मग सोडलं. अर्ध्यांकडे दादाचं नाहीतर ताईचं पुस्तक. आकडा असतो कोपऱ्यात आणि पुस्तकाचा कोपरा आधी फाटतो.” त्यांनी टेबलावरचं एक जुनं पुस्तक उचलून फरफर पानं सोडली. खालचे कोपरे खरंच उंदरानं कुरतडल्यासारखे होते. “मथळा मध्यावर असतो, मोठ्या अक्षरात असतो. तो शाबूत राहतो. आम्ही सगळेच मथळा सांगतो. का हो?”

“सहज,” काका म्हणाले.

परत येताना आम्ही चालत आलो. काका रडतील की काय असंही मला वाटून गेलं. ते रडले नाहीत. बऱ्याच अंतरानं म्हणाले, “त्या चार ओळी मी पानात जुळवल्या होत्या. एकदा नाही, दर आवृत्तीला. काढेपर्यंत.”

“मग तुम्हाला सावली कशी वाटायची?”

“जुळवल्या होत्या ग. वाचल्या नव्हत्या.”

रस्त्यात एका बाजूला खोदकाम चालू होतं. आम्ही वळसा घातला.

“आणखी किती ठिकाणी काढल्या असतील?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“तेच आठवतोय,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते लवकर आले होते. टेबलावर सहावीच्या सगळ्या आवृत्त्या उघड्या. जुन्या आवृत्तीतून त्यांनी त्या चार ओळी काढून माझ्यापुढे ठेवल्या. चंद्राचा अर्धा भाग नेहमी उजेडात असतो. तो पृथ्वीभोवती फिरतो, म्हणून हा उजळ भाग आपल्याला कधी पूर्ण, कधी थोडा दिसतो आणि कधी मुळीच दिसत नाही. यात पृथ्वीच्या सावलीचा काही संबंध नसतो. सावलीचे काम पुढे ग्रहणाच्या वेळी येईल.

“सुंदर आहेत का?” त्यांनी विचारलं.

“आहेत.”

“आखूड करू नकोस.”

मग ते साहेबांकडे गेले. मला बरोबर नेलं.

“पानं हलवतो,” काका म्हणाले.

साहेबांनी मान वर केली. “सगळी?”

“शेचाळीसपासून पुढची हलतीलच. आधीचीही सैल करतो. जिथे जिथे ओळी काढून पान बसवलंय तिथे त्या परत घालतो.”

“मी तरी दुसरं काय म्हणत होतो?”

“तुम्ही म्हणतच होता.”

“मग शाळेत काय बघितलंत?”

“चंद्र बघितला,” काका म्हणाले. “एक विनंती आहे. मथळे जुनेच राहू देत. एक अक्षर बदलायचं नाही.”

“ते तर यांनी बदललेत. चांगले झालेत.” साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

“मला जुने बरे वाटतात, साहेब,” मी म्हणाले. ‘लपंडाव’ डोळ्यांसमोर आला आणि गेला.

साहेबांनी दोघांकडे आलटून पालटून बघितलं. “मथळ्यांत काय ठेवलंय एवढं?”

“म्हाताऱ्याचा हट्ट समजा,” काका म्हणाले. “मी पानं सोडली. तुम्ही मथळे सोडा.”

“घ्या,” साहेब म्हणाले. सौदा त्यांना स्वस्त वाटला. वर्ग आकड्यावर चालतो अशीच त्यांचीही समजूत होती. काकांनी ती दुरुस्त केली नाही. बाहेर आल्यावर मी त्यांच्याकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते.

ती आवृत्ती त्यांनी जिवाचं रान करून केली. पानं वाढली. सोळा पानांचा एक फर्मा जादा घ्यावा लागला आणि त्यात उरलेल्या जागेवर साहेबांनी आमच्या इतर पुस्तकांची जाहिरात टाकली. निरोपाच्या समारंभात साहेब म्हणाले, काका अखेर काळाबरोबर बदलले. टाळ्या पडल्या. प्रतिनिधी माझ्या कानाशी कुजबुजला, “जैसे थे काकांचं हे काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही, जैसे थेच आहेत.” त्याला ते कळलं नाही.

शाळा उघडल्यावर आम्ही दोघं पुन्हा त्याच वर्गात गेलो. नवी मुलं होती. बाईंनी मागच्याच बाकावर बसवलं. या खेपेला वर्गात आमच्या तीन आवृत्त्या होत्या आणि त्यांतल्या नव्या पुस्तकाची पानं इतरांशी जुळत नव्हती.

बाईंनी मथळा सांगितला.

पानं सळसळली. काका मान खाली घालून तो आवाज ऐकत होते. सगळी पुस्तकं एकदम थांबली नाहीत. एकेक थांबत गेलं. शेवटी सगळा वर्ग एका जागी आला.

बाईंनी नवं पुस्तक असलेल्या एका मुलाला वाचायला लावलं. तो त्या चार ओळींपाशी आला. तेव्हा जुनी पुस्तकं असलेली मुलं गोंधळली. बोटं चित्राखाली फिरायला लागली. त्यांच्याकडे त्या ओळी नव्हत्या.

“बघ,” काका हळूच म्हणाले. “यांना नाहीच मिळाल्या.”

“बाई चेंडू काढतील,” मी म्हणाले.

“या बाई काढतील.”

ती जुनी पुस्तकं अजून किती घरांत, किती भावंडांच्या हातून फिरायची होती, कोण सांगणार.

आमच्या पुढे दोन मुली होत्या. एकीचं पुस्तक ताईचं असावं, पुठ्ठ्यावर कुणाचं तरी नाव खोडलेलं होतं. तिनं आपल्या पानावर वर-खाली शोधलं. मग पुस्तक मिटलं नाही, तसंच उघडं ठेवलं, आणि सरकून शेजारणीच्या पुस्तकात डोकं घातलं. शेजारणीनं न बघताच आपलं पुस्तक तिच्याकडे सरकवलं.

बाईंनी ते बघितलं आणि वाचणाऱ्या मुलाला खुणेनं पुढे वाचायला सांगितलं. काकांनी पाय बाकाबाहेर काढले, गुडघे चोळले, आणि पुढे वाकून तेही त्या पुस्तकात वाचायला लागले.